कूलंटच्या बाटलीत दुधाळ रंग दिसल्यानंतर: माझ्या एक्सआर६ टर्बो यूटची दुरुस्ती

२०२३ च्या जूनमधल्या एका शनिवारी सकाळी मेलबर्नजवळ वेरिबीतल्या आमच्या घरासमोर मी माझ्या यूट गाडीचे बॉनेट उघडले, ते केवळ काच धुण्याच्या पाण्याची टाकी भरण्यासाठी. गाडी रात्रभर उभी होती, इंजिन पूर्ण थंड होते आणि मेलबर्नच्या हिवाळ्यातले दव अजून बॉनेटवरून ओघळत होते. पाणी भरता भरता सवयीने नजर शेजारच्या कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाणीमिश्रित द्रवाच्या, बाटलीकडे गेली. ती बाटली अर्धपारदर्शक प्लास्टिकची असते आणि आतली पातळी बाहेरून दिसते. त्या दिवशी पातळी दिसत नव्हती. बाटलीच्या आतल्या बाजूला चहात नुकतेच दूध ओतल्यावर येतो तसा मातकट, दाट रंग चिकटून बसला होता. झाकण उघडून बोट बुडवले तेव्हा बोटावर साय आली. पाण्यासारखी नव्हे, तेलासारखीही नव्हे, तर दोन्ही घुसळून झालेली मऊ, निसरडी साय.

पुढच्या तीन महिन्यांत जे घडले ते मी इथे सविस्तर लिहितो आहे, कारण ही गाडी ज्यांच्याकडे आहे किंवा जे ती घेण्याच्या विचारात आहेत त्यांनी पहिल्याच आठवड्यात जे काम करायला हवे, ते मी सव्वा वर्ष केले नव्हते.

गाडी आहे २०१० सालची फोर्ड फाल्कन यूट, एफजी मालिकेतली, एक्सआर६ टर्बो. चार लिटरचे सरळ रांगेतल्या सहा सिलिंडरांचे टर्बो इंजिन, २७० किलोवॉट शक्ती, ५३३ न्यूटन मीटर टॉर्क, झेडएफ कंपनीचा सहा गिअरांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि ही सारी ताकद फक्त मागच्या दोन चाकांना. पुढून पाहिली तर ती मोटार दिसते आणि मागून पाहिली तर मालवाहू गाडी, कारण केबिनच्या मागे डिकीऐवजी उघडा हौदा आहे. मी स्वयंपाकघरातली कपाटे बनवून बसवण्याचा व्यवसाय करतो. सोमवार ते शुक्रवार त्या हौद्यात प्लायवूड, ड्रिल आणि स्क्रूचे डबे असतात, आणि रविवारी त्याच गाडीने आम्ही ग्रेट ओशन रोडला जातो.

ही दुहेरी गरजच ऑस्ट्रेलियातल्या यूटच्या जन्माचे कारण आहे. १९३० च्या दशकात व्हिक्टोरियातल्या एका शेतकऱ्याच्या पत्नीने फोर्डला पत्र लिहून रविवारी चर्चला जाण्यासाठी आणि सोमवारी डुकरे बाजारात नेण्यासाठी चालेल अशी एकच गाडी मागितली, असे सांगितले जाते. जिलाँगच्या कारखान्यातले तरुण अभिकल्पक लू बँड्ट यांनी ती आखली आणि १९३४ मध्ये ती रस्त्यावर आली. माझ्या गाडीचे इंजिनही जिलाँगलाच घडले. 'बॅरामंडी' या माशावरून ठेवलेल्या सांकेतिक नावामुळे सगळे त्याला 'बॅरा' म्हणतात. गाडीची जोडणी मेलबर्नच्या उत्तरेला ब्रॉडमेडोज इथे होत असे. तिथे यूट बनवणे जुलै २०१६ मध्ये थांबले आणि ७ ऑक्टोबर २०१६ रोजी फोर्डचे ऑस्ट्रेलियातले मोटारनिर्मितीचे कामच संपले. आता नवी मिळणार नाही, म्हणून आहे तीच जपायची, ही भावना माझ्यासारख्या प्रत्येक मालकाच्या मनात असते.

मी ती २०२२ च्या मार्चमध्ये एका खाजगी विक्रेत्याकडून घेतली. त्या वेळी १ लाख ७८ हजार किलोमीटर झाले होते. घेण्याआधी दोन डॉलर भरून सरकारी नोंदवहीत गाडीवर कर्ज शिल्लक नाही ना, हे तपासले. व्हिक्टोरियात गाडी दुसऱ्याच्या नावावर करताना रोडवर्दी, म्हणजे रस्त्यावर चालवण्यास योग्य असल्याचे प्रमाणपत्र लागते. ते विक्रेत्याने काढून दिले होते आणि मी त्यावर नको तितका विसंबलो. त्या तपासणीत टायरची नक्षी दीड मिलिमीटरहून अधिक आहे का, ब्रेक, स्टिअरिंगचे सांधे, दिवे आणि पट्टे ठीक आहेत का हे पाहतात. गिअरबॉक्सचे तेल कधी बदलले, रेडिएटर किती जुना आहे, टर्बोला तेल नीट पोहोचते का, हे पाहणे त्या तपासणीचे कामच नव्हे. सेवेच्या पुस्तकात गिअरबॉक्सच्या तेलाची एकही नोंद नव्हती. तेव्हाच ती रिकामी जागा मला खटकायला हवी होती.

पहिल्या वर्षी मी बाकीची कामे मनापासून केली. टर्बोला तेल पुरवणाऱ्या नळीच्या वाटेवर एक बारीक जाळी असते. ती काजळीने तुंबली की टर्बोचा दांडा कोरडा फिरू लागतो, आणि मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणाऱ्या त्या दांड्याला तेलाविना फार वेळ तग धरता येत नाही. ती जाळी मी काढली तेव्हा तिची निम्मी छिद्रे बुजलेली होती. नवी बसवली. स्पार्क प्लग बदलताना प्रत्येकाची फट फीलर गेजने मोजून ०.७५ मिलिमीटर ठेवली, कारण टर्बो हवा दाबून भरतो तेव्हा रुंद फटीतली ठिणगी विझते आणि चढावर जोर देताना गाडी ठसकते. हौद्याच्या खालच्या दोन तुकड्यांच्या प्रोपेलर शाफ्टचे मधले बेअरिंग सैल झाले होते, तेही बदलले. या प्रत्येक कामाचे लक्षण जाणवत होते, आवाज किंवा धक्का होता, म्हणून ते झाले. रेडिएटर काहीच बोलत नव्हता.

तर त्या शनिवारी मी सांगलीला अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. अण्णांनी पंचवीस वर्षे टेम्पो चालवला आहे आणि त्याचे इंजिन दोनदा स्वतः उतरवले आहे. मी कॅमेरा बाटलीवर धरला.

"हेड गॅस्केट गेलं असणार," ते लगेच म्हणाले. "इंजिनाच्या तेलाची पट्टी काढून दाखव बघू."

मी पट्टी पुसून पुन्हा बुडवून काढली. तेल काळसर, पण स्वच्छ होते, त्यात पांढरेपणा अजिबात नव्हता.

"अण्णा, यात पाणी नाही दिसत."

"मग आता सुरू करू नको. तेल कुठून आलं ते कळेपर्यंत किल्लीला हात लावायचा नाही. आणि गिअरच्या तेलाची पट्टी?"

"याला पट्टीच नसते, अण्णा. खालून बूच काढून बघावं लागतं."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तर मग तेच उघड."

त्यांचा पहिला अंदाज त्यांच्या टेम्पोच्या हिशेबाने अगदी बरोबर होता. तिथे पाण्यात तेल आले की संशय हेड गॅस्केटवरच, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमध्ये बसून तेल आणि पाणी वेगळे ठेवणाऱ्या पातळ पत्र्यावरच जातो, कारण पाण्याशेजारी वावरणारे तेल एकट्या इंजिनाचेच असते. या गाडीत मात्र आणखी एक तेल पाण्याच्या शेजारी राहते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे गरम तेल दोन नळ्यांनी पुढे येते आणि रेडिएटरच्या टाकीत बुडवलेल्या छोट्या शीतकातून फिरून परत जाते. तेल आणि कूलंट यांच्यामध्ये फक्त पातळ धातूची भिंत असते. वर्षानुवर्षे कूलंट न बदलल्याने त्यातली गंजरोधक द्रव्ये संपतात, ती भिंत आतून झिजते आणि एके दिवशी केसाएवढी चीर पडते. एफजी मालिकेच्या मालकांमध्ये हा बिघाड चांगलाच परिचयाचा आहे.

त्या चिरेतून पुढे काय होते हे समजून घेणे महत्त्वाचे आहे, कारण नुकसान किती झाले हे त्यावरच ठरते. इंजिन चालू असताना गिअरबॉक्सचा पंप तेलाला कूलंटपेक्षा अधिक दाबाने ढकलतो, म्हणून तेल पाण्यात जाते आणि बाटलीत ती साय दिसते. पण गाडी बंद केली की पंप थांबतो, तेलाचा दाब शून्यावर येतो, आणि गरम कूलंट मात्र बंद बाटलीत पुढचा अर्धा-पाऊण तास दाबाखालीच असते. आता उलटा प्रवास सुरू होतो आणि कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरते. म्हणजे बाटलीतली साय ही केवळ अर्धी बातमी असते. कूलंटमधले ग्लायकॉल आणि पाणी क्लचच्या प्लेटांवरच्या कागदी थरात मुरते, तो थर लोखंडाला चिकटवणारा गोंद सैल करते, आणि थर सुटू लागतो. इंजिन या सगळ्यात शाबूत राहू शकते, गिअरबॉक्स सहसा राहत नाही.

मी गाडी जॅकवर नव्हे तर चार भक्कम स्टँडवर चढवली आणि गिअरबॉक्सचे खालचे बूच उघडले. पहिला पेलाभर द्रव बाहेर आला तोच दुधाळ होता. त्या क्षणी हातातला पाना मी खाली ठेवला आणि थोडा वेळ गाडीखालीच पडून राहिलो.

मागच्या काही आठवड्यांतली एक गोष्ट तेव्हा जुळली. जिलाँगहून परतताना प्रिन्सेस फ्रीवेवर ताशी ८० च्या आसपास, अॅक्सिलरेटरवर पाय अगदी हलका असताना, गाडी दोन-तीन सेकंद थरथरत असे, जणू रस्त्यावर आडव्या पट्ट्या मारल्या आहेत. मी तो दोष टायरच्या बॅलन्सिंगवर ढकलून एका दुकानात चाके बॅलन्सही करून घेतली होती. ती थरथर टॉर्क कन्व्हर्टरमधल्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलाच्या मदतीने जोडणाऱ्या भागातल्या, क्लचची होती. हलक्या पायावर तो क्लच किंचित घसरत धरतो, आणि तेलात पाणी असले की धरणे-सोडणे, धरणे-सोडणे असे होत राहते. जोरात अॅक्सिलरेटर दाबल्यावर हे जाणवत नाही. म्हणून गाडी वेगाने चालवून पाहिली तर ती उत्तम वाटते.

दोन मार्ग होते. पहिला, रेडिएटर बदलून गिअरबॉक्स वारंवार धुऊन काढायचा आणि नशीब पाहायचे. दुसरा, गिअरबॉक्स लगेच उतरवून उघडायचा. मी ज्या गिअरबॉक्स तज्ज्ञाकडे फोनवर चौकशी केली त्याने स्पष्ट सांगितले, की किती दिवस पाणी आत आहे यावर सारे अवलंबून आहे, आणि ते कोणालाच ठाऊक नाही. मी पहिला मार्ग निवडला, कारण दुसऱ्यासाठी लागणारे साडेचार हजार डॉलर त्या महिन्यात माझ्याकडे नव्हते.

टो ट्रकने गाडी नेण्याऐवजी मी घरीच काम केले. जुना रेडिएटर काढला, नवा बसवला, आणि नव्या रेडिएटरच्या आतल्या शीतकाला तेलाची नळी जोडलीच नाही. ती दोन्ही तोंडे बुचांनी बंद केली. ज्या रचनेत एक पातळ भिंत झिजली की आठ-दहा हजार डॉलरची गाडी धोक्यात येते, ती रचना मला पुन्हा नको होती. त्याऐवजी रेडिएटरच्या पुढे, वाऱ्याच्या तोंडावर, हवेवर थंड होणारा स्वतंत्र तेलशीतक बसवला. इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. रेडिएटरमधला शीतक तेल थंड करतो तसा थंडीत ते लवकर गरमही करतो, आणि मेलबर्नच्या जुलैमध्ये पहाटे ४ अंश असताना हवेवरचा शीतक तेलाला गरमच होऊ देत नाही. म्हणून नळीच्या वाटेत थर्मोस्टॅट बसवला, जो तेल तापेपर्यंत त्याला शीतकाकडे न पाठवता परत फिरवतो. अनेकजण हा छोटा भाग पैसे वाचवण्यासाठी टाळतात. माझ्या मते तो टाळू नये.

तेल बदलण्याचे काम सर्वांत वेळखाऊ ठरले. या गिअरबॉक्सची खालची ट्रे प्लास्टिकची आहे आणि फिल्टर तिच्यातच घडवलेला आहे, त्यामुळे फिल्टर बदलायचा तर अख्खी ट्रे नवी घ्यावी लागते. ट्रे काढली तरी सगळे तेल निघत नाही, कारण मोठा भाग टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतो आणि एका वेळी जेमतेम निम्मे बदलते. ट्रे काढल्यावर तिच्या तळाचे चार गोल लोहचुंबक मी कागदावर ठेवून पाहिले. त्यांवर राखेसारखा बारीक काळा गाळ होता, तो झिजेचा नेहमीचा गाळ. पण त्यात नखाच्या टोकाएवढे, तपकिरी, बोटांत चुरडले जाणारे तुकडेही होते. धातूचे नव्हेत, कागदाचे. मी ते एका काचेच्या बाटलीत ठेवले.

पुन्हा भरताना गिअरबॉक्सचे तापमान स्कॅनरवर पाहत राहावे लागते. इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून प्रत्येक गिअरमध्ये काही सेकंद टाकून, तेल साधारण ४० अंशांवर आले असताना भरण्याच्या भोकातून बारीक धार बाहेर पडली पाहिजे. थंड असताना भरले तर पुढे पातळी चुकते, फार गरम असताना भरले तर कमी पडते. माझी पत्नी चालकाच्या जागी बसून तापमान मोठ्याने वाचत होती आणि मी खाली पाना घेऊन. "अडतीस. एकोणचाळीस. अहो, चाळीस झालं, लावा बूच." असे आम्ही तीन शनिवार केले, दर वेळी शंभरेक किलोमीटर चालवून. तिसऱ्या वेळी निघालेले तेल स्वच्छ होते.

इंजिनाच्या बाजूचे कामही कमी नव्हते. कूलंटमधले तेल रबराला आतून फुगवते, म्हणून वरचा आणि खालचा होज, हीटरचे दोन्ही होज आणि थर्मोस्टॅट बदलले. बाटली नवीच घेतली, कारण ती कितीही धुतली तरी आतला थर निघेना आणि पातळी दिसणार नाही अशी बाटली ठेवण्यात अर्थ नाही. इंजिनातले मार्ग मात्र सौम्य साबणी द्रावण भरून, इंजिन गरम करून, रिकामे करून, असे पाच वेळा धुवावे लागले. निघालेले तेलमिश्रित पाणी डब्यांत साठवून नगरपालिकेच्या संकलन केंद्रावर दिले.

ऑगस्टच्या मध्यापर्यंत गाडी चांगली चालली. नंतर थरथर परत आली, आणि तिच्याबरोबर दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना क्षणभर इंजिनाचे फेरे वर उडू लागले. ते बाटलीतले तुकडे मला आधीच सांगत होते. कामाची दोन मोठी देयके एव्हाना जमा झाली होती, म्हणून गिअरबॉक्स उतरवून तज्ज्ञाकडे दिला. उघडल्यावर त्याने मला बोलावून प्लेटा दाखवल्या. चांगल्या प्लेटवर कागदी थर सलग आणि खरखरीत असतो. माझ्या तीन प्लेटांवर तो जुन्या भिंतीच्या पोपड्यांसारखा सुटला होता, आणि एका प्लेटवर तर लोखंड उघडे पडून निळसर झाले होते. सर्व क्लच, सील, कन्व्हर्टर आणि विजेच्या जोडणीभोवतीची गळकी बाही नवी बसवली. मी घरी बसवलेला शीतक आणि नळ्याही त्याने पूर्ण धुऊन घेतल्या, कारण त्यांत अडकलेले तुकडे नव्या गिअरबॉक्समध्ये गेले असते. एकूण ४,८०० डॉलर लागले.

मी धुण्याचा मार्ग आधी निवडला ही चूक होती का, असे मला अनेकजण विचारतात. माझे उत्तर असे, की बाटलीत साय दिसली त्याच आठवड्यात दोष पकडला असेल आणि थरथर मुळीच सुरू झाली नसेल, तर धुऊन पाहणे रास्त आहे. थरथर सुरू झाली असेल तर ते तेल आणि ते शनिवार वाया जातात. माझ्या बाबतीत थरथर आधीपासून होती, म्हणजे उत्तर पहिल्या दिवशीच समोर होते.

जुन्या रेडिएटरची टाकी मी नंतर हॅकसॉने कापली. आतल्या शीतकाच्या एका टोकाला, जिथे नळीचे तोंड जोडलेले असते, तिथे पांढरट क्षारांचा थर होता. तो तारेच्या ब्रशने घासल्यावर खाली एक चीर दिसली, जेमतेम सात-आठ मिलिमीटर लांबीची, उजेडाकडे धरल्याशिवाय दिसणारही नाही अशी.

गिअरबॉक्स बसल्यावर गाडीचा जो स्वभाव मला आवडतो तो पूर्ण परत आला. पंधराशे-दोन हजार फेऱ्यांवरच भरपूर ओढ मिळते, हौद्यात तीनशे किलो प्लायवूड असतानाही वेस्ट गेट पुलाच्या चढावर गिअर खाली जात नाही. रिकाम्या हौद्याने पावसात मात्र सावध राहावे लागते. फाल्कन सेदानला मागे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, यूटला मात्र सरळ अॅक्सल आणि त्याखाली अण्णांच्या टेम्पोसारखे लोखंडी पाटे आहेत. भार असला की ते पाटे बसतात आणि गाडी शांत होते. भार नसताना ओल्या चौकात वळताना पाय जड झाला, की मागचा भाग सरकतो. मी मागचे टायर नेहमी एकाच कंपनीचे आणि एकाच वयाचे ठेवतो, आणि पावसात पाय हलका ठेवतो.

ओळखीतले काही मालक टर्बोचा दाब वाढवून इंजिनाच्या संगणकाची नवी आखणी करून घेण्याचा आग्रह करतात. बॅरा इंजिन ते सहज पेलते हे खरे आहे. परंतु वाढलेला टॉर्क त्याच क्लचच्या प्लेटांवरून जाणार असतो ज्यांचे पोपडे मी हातात घेऊन पाहिले आहेत, आणि मला ही गाडी रोज कामावर न्यायची आहे. तेव्हा ती कारखान्यातून आली तेवढ्याच शक्तीवर राहील.

आता २ लाख २७ हजार किलोमीटर झाले आहेत. गिअरबॉक्सचे तेल ट्रेसकट दर ५० हजारांनी आणि कूलंट दर दोन वर्षांनी बदलायचे असे मी ठरवले आहे, आणि दोन्हींच्या तारखा सेवेच्या पुस्तकात लिहितो आहे. सध्या रॉकर कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यातून इंजिन ऑइल किंचित पाझरते आणि सहाव्या प्लगच्या विहिरीत उतरते. नवे गॅस्केट आणून ठेवले आहे. ईस्टरच्या चार दिवसांच्या सुट्टीत ते बसवायचे आहे, आणि त्याच वेळी टर्बोच्या तेलाची जाळीही पुन्हा काढून पाहायची आहे.